विझेना तो पिवळा दिवा

गेल्या भाद्रपदांत गणपतीसाठीं कोंकणांतील घरीं जाण्याची आमची तयारी चालली असतां, निघण्याच्या दोनच दिवस आधीं मोटारीच्या डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला, तो कांहीं केल्या विझेना. वर्तुळांत तीन अक्षरें : ए. बी. एस. आमच्या पुतण्यानें दोन गल्ल्या फिरून येऊन निर्वाळा दिला, "काका, ब्रेक नेहमीसारखेच लागतात, परत आल्यावर पाहूं." मातोश्रींस तें पटलें नाहीं. "मग दिवा लागला कशाला?" असें त्यांनीं विचारलें, आणि त्याचें उत्तर आम्हांपैकीं कोणासही देतां येईना. तें शोधतांना जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबला म्हणजे चाक फिरावयाचें थांबतें, पण गाडी थांबत नाहीं. ती घसरत जाते, आणि घसरणारें चाक स्टिअरिंगास जुमानीत नाहीं. चाक असें अडकूं न देणें हें ह्या योजनेचें काम. प्रत्येक चाकापाशीं एक दातेरी कडें व त्याजवळ एक सेन्सर असतो. दाते पुढून सरकतात तसे सेन्सरांतून विजेचे ठोके निघतात व त्यांवरून चाकाची गति कळते. एखादें चाक एकाएकीं अडकूं लागलें कीं त्याच्या ब्रेकतेलाचा दाब क्षणभर सैल केला जातो व पुन्हां दिला जातो, आणि हें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. पेडल पायाखालीं थरथरतें तें ह्यामुळेंच. त्यास भिऊन पाय काढूं नये. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक योजना मर्सिडीझच्या मोटारींत १९७८ सालीं आली. आज आपल्याकडील साध्या कौटुंबिक गाडींतही ती असते.

चावी फिरविल्यावर हा दिवा कांहीं क्षण लागून विझला पाहिजे. तो विझला नाहीं, तर यंत्रणेस आपल्यांतच दोष आढळून ती बाजूस झाली आहे असें समजावें. साधे ब्रेक मात्र राहतात. पुतण्याची फसगत झाली ती येथेंच! जी गोष्ट केवळ आणीबाणीच्या क्षणीं कामास यावयाची, तिची परीक्षा गल्लींत सावकाश गाडी थांबवून कशी व्हावी? ताम्हिणीच्या घाटांत, पावसांत, मागें मुलें बसलेलीं असतांना ती झाली असती. पिवळ्याच्या जोडीस ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र घाटाची गोष्टच नको. तेल उतरलें असण्याचा संभव असतो, म्हणून गाडी जागच्या जागीं उभी करावी.

पहिल्या मिस्त्र्यानें गाडीखालीं न डोकावतांच मुख्य यंत्र बदलावें लागेल असें सांगून असा आंकडा काढला कीं, तो ऐकून वहिनींनीं बसनें जाण्याची गोष्ट काढली. दुसऱ्यानें स्कॅनर जोडला. (बाजारांतील स्वस्त यंत्रें पुष्कळदां इंजिनाचेच दोष वाचतात, ए. बी. एस. वाचणारेंच लागतें.) संकेत आला : सी ००३५, म्हणजे पुढील डाव्या चाकाच्या सेन्सरच्या विद्युन्मार्गांत दोष. सेन्सरच बिघडला असें तो संकेत म्हणत नाहीं. तार, जोड, दात्यांवरील चिखल वा गंज, चाकाचें सैल बेअरिंग, ह्यांपैकीं कांहींही असूं शकतें. नव्या गाड्यांत दात्यांऐवजीं बेअरिंगच्या एका बाजूस चुंबकी कडें असतें. बेअरिंग उलटें बसविलें गेलें तर गति मुळींच वाचली जात नाहीं. आणि उंदरांनीं तारा कुरतडण्याचा अनुभव तर पावसाळ्यांत घरोघरीं आहे.

मिस्त्र्यानें चाक उचलून हातानें फिरविलें आणि आम्हांस स्कॅनरावर चाकाची गति पाहावयास सांगितलें. तो तार हलवूं लागतांच आंकडा शून्यावर आला. स्टिअरिंगबरोबर तार जेथें वांकते तेथील चाप निसटला होता. टायर घासून वरचें आवरण गेलें होतें व आंत पाणी शिरलें होतें. तार सेन्सरशीं जडलेली असल्यामुळें सेन्सर बदलावा लागलाच, पण त्यानें आधीं चाप बसविला. तो तसाच राहता, तर नवी तारही पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली नसती. खर्च पहिल्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आला.

बोलतां बोलतां त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. जुनी गाडी विकतांना कांहीं महाभाग हा दिवाच काढून ठेवतात. म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यानें चावी फिरवितांना दिवा विझतो कीं नाहीं हें पाहण्याआधीं तो लागतो कीं नाहीं हें पाहावें.

आमचा दिवा थोडें अंतर गाडी चालविल्यावर विझला. ह्या सर्वांत एक दिवस गेला, आणि हरतालिकेस आणावयाचे गणपति आम्हीं चतुर्थीच्या सकाळीं घरीं आणले.