ज्ञानाच्या दारावरील दाम



नसरापूरहून वेल्ह्यास जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे. राजगडास जाणारे पुष्कळ लोक येथून गुंजवण्याकडे वळतात. अशा गावातील एखादी मुलगी पुण्यास राहून एम. ए. झाली आणि आपल्या वस्तीच्या धर्मांतराचा इतिहास लिहावा असे तिच्या मनात आले, तर या विषयावर पूर्वीच्या अभ्यासकांनी काय लिहिले आहे ते तिला वाचता येईल काय? विद्यापीठांत सादर झालेले अनेक प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात तिला विनामूल्य मिळतील. परंतु मोठ्या प्रकाशनगृहांच्या नियतकालिकांतील एका लेखाची किंमत तिच्या आईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. २०२५ पासून केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू केली व शासकीय शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके खुली केली, हे चांगलेच झाले. पण संस्थेच्या पटावरून नाव निघाले की ते दार बंद! ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने आता दामाच्या कुलपापुढे मुकाट उभे राहावयाचे काय?

ज्ञानाला नियतकालिकाचा आधार किती लागतो, हे बाबासाहेबांच्याच चरित्रात पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधनपत्रिकेत छापला गेला, म्हणून तो जगातील विद्वानांपर्यंत पोहोचला. पण ज्यांच्या दुःखाची मीमांसा त्यात होती, त्यांच्यापैकी किती जणांच्या हाती तो अंक पडला असेल? ही उणीव बाबासाहेबांनी ओळखली होती, असे मी मानतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो मराठीत.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०२० साली, अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातून जात व सामाजिक बहिष्कार या एकाच विषयाला वाहिलेली 'कास्ट' ही संशोधनपत्रिका सुरू झाली. तिच्या दोन प्रमुख संपादकांपैकी एक आपल्या मराठी मुलखातले, मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात. तिचे लेख तज्ज्ञांच्या परीक्षणानंतरच छापले जातात आणि ते कोणासही पैसा न देता वाचता येतात. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु पत्रिका इंग्रजीत आहे. मराठीत हे कार्य कोणी करावे?

ते आपणच करावे, आणि ते अशक्य नाही. अंक चालविण्यासाठी 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही संगणकप्रणाली फुकट मिळते. नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांकही भारतात मूल्य न घेता दिला जातो. अवघड आहे ती शिस्त. खुल्या नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत नाव यावयाचे तर वर्षाला निदान पाच संशोधनलेख लागतात, आणि संपादक व परीक्षक यांचे स्वतःचे लेख अंकात चौथ्या हिश्श्याहून अधिक असून चालत नाहीत. आपल्याकडे एका मंडळाचे सात सभासद आणि अंकात त्याच सातांचे लेख, हा प्रकार नवा नाही. (सत्काराचे फोटो निराळेच!) परीक्षकाने लेख परत पाठविला तर तो आपल्या समाजाचा अपमान समजण्याची खोडही सोडली पाहिजे. लेखकाचे नाव परीक्षकास व परीक्षकाचे नाव लेखकास कळू न देण्याची रीत आहे. ती कसोशीने पाळावी.

आणखी एक सावधगिरी. 'दोन दिवसांत लेख छापून देतो, इतके रुपये पाठवा,' असे सांगणाऱ्या पत्रिकांचा बाजार भरला आहे. पदोन्नतीच्या वा पीएच. डी.च्या घाईत आपली मुले तेथे पैसे मोजतात आणि त्या छापील कागदाला पुढे कोणी विचारीत नाही. आईबापांनो, असा पैसा देऊ नका. आपल्या पत्रिकेनेही लेखकाकडून एक पैसा घेऊ नये. खर्च आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि नोकरदारांनी उचलावा. १४ एप्रिलच्या मंडपावर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग त्यास पुरेल.

पहिल्या अंकाला विषय हवा असेल तर तो दारातच आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि रक्कम भरून घेऊन त्या जमिनी वतनदारांस पुन्हा देण्याची तरतूद झाली. भोर-वेल्ह्याच्या गावांत ती रक्कम कोणी भरली, कोणास भरता आली नाही, आणि ती शेते आज कोणाच्या नावावर आहेत, हे फेरफाराच्या नोंदींवरून व वृद्धांच्या तोंडून लिहून काढावे. त्या वेळचे दिवस आठवणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.