गालाचा कॅन्सर सुरीने नाही, उशिराने पसरतो

"गालातल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवू या," असे म्हटले की रुग्ण खंडाळ्याचा असो की शिरवळ-लोणंदचा, उत्तर बहुधा ठरलेले असते: "नको डॉक्टर, सुरी लागली की कॅन्सर पसरतो."

हा समज साफ चुकीचा आहे आणि तो जीव घेतो.

तंबाखू-चुन्याची गोळी किंवा गुटखा वर्षानुवर्षे गालात एकाच जागी धरला जातो. चुन्याने तिथले नाजूक अस्तर भाजते. तंबाखू आणि सुपारी, दोन्ही पेशींच्या जनुकांत बिघाड करतात. मग पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. सुपारीने गाल ताठर होतो, तोंडात तीन बोटे मावेनाशी होतात. यात अनेक वर्षे जातात. तेव्हा कुणी सुरी लावलेली असते का?

पुढे बिघडलेल्या पेशी अस्तर ओलांडून गालाच्या स्नायूंत शिरतात. तिथून त्या जबड्याचे हाड पोखरतात, गालाला बाहेर भोक पाडतात. काही पेशी लसीकावाहिन्यांतून जबड्याखालच्या आणि मानेतल्या गाठींत पोहोचतात, काही फुफ्फुसांपर्यंत. हा सगळा प्रवास रोग स्वतःच करतो. त्याला लागतो फक्त वेळ, आणि तो आपण देतो.

बायोप्सीत जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. त्याशिवाय कॅन्सरचे निदान पक्के होत नाही. मग "तुकडा काढला आणि वाढला" असे का दिसते? कारण रिपोर्ट आल्यावर रुग्ण घाबरून झाडपाल्याकडे वळतो. तीन-चार महिन्यांनी गाठ मोठी झाली की खापर सुरीवर फुटते.

शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात त्यांनी भर पावसात केलेले भाषण आपण सर्वांनी पाहिले. सुरीने कॅन्सर पसरत असता तर हे घडले असते का?

तोंडातली प्रत्येक जखम कॅन्सरची नसते. पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा, तोंड कमी उघडणे किंवा मानेत गाठ असेल, तर दाखवाच, दुखत नसले तरी! सुरुवातीला हा रोग अनेकदा दुखतच नाही. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात.

सुरीला भिऊ नका. खिशातल्या पुडीला भ्या.