लंगडी शिकवावी लागते का?

धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे हे शाळेत रीतसर शिकवायला हवे, असे म्हटले की अनेक पालकांना हसू येते. पोर चालायला लागले की धावतेच, त्यात शिकवायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण पहिली-दुसरीचा वर्ग मैदानावर आणून लंगडी घालायला सांगा. काही मुले सरसर पल्ला गाठतात. काहींचे हात अंगाशी चिकटलेले असतात, उचललेला पाय जागचा हलत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या उडीलाच तो जमिनीवर टेकतो. ‘हात मोकळे सोड, वरच्या पायाला झोका दे’ एवढे सांगून थोडा सराव करून घेतला, तर यातली बरीच मुले पुढे सरकतात.

शिकवण्याच्या बाजूचा खरा मुद्दा इथेच आहे. पूर्वी हे काम गल्लीतली थोरली पोरे करत. आज अनेकांच्या वाट्याला ना अंगण येते, ना ती पोरे. ज्याला पळताना वळता येत नाही, ते मूल खेळात लिंबूटिंबू ठरते. मग कोणी त्याला भिडू म्हणून घेत नाही, सराव घडत नाही आणि ते आणखी मागे पडते. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून झटक्यात उठून सुटायचे, खांबाला वळसा घालायचा, हुलकावणी द्यायची, तर पायांची तयारी आधीच झालेली असावी लागते. पाचवीत नुसते नियम सांगून ती होत नाही.

उलट बाजूही हलकी नाही. चाळीस मुलांची एकच रांग लावली आणि प्रत्येकाला वीस सेकंद दिले, तर एका फेरीला तेरा मिनिटांहून अधिक जातात. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासात मूल मिनिटभरही हलत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते, हे लक्षात घेता असा तास न घेतलेलाच बरा. शिवाय सगळ्यांसमोर एकेकाची उडी तपासली, की अंगाने जड किंवा उशिरा वाढणारे मूल कायमचे बुजते. आणि मोकळ्या खेळात मुले भांडतात, नियम ठरवतात, राज्य कोणावर यावर तोडगा काढतात. ते कोणत्याही पाठात बसवता येत नाही.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले, पण आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही पट शंभरावर असेल तर. या हालचाली ज्या वयात घडतात, त्या वयाची मुले मात्र वर्गशिक्षकांच्याच हवाली. त्यांच्यामागे आधीच नोंदी आणि माहिती भरण्याचा ससेमिरा असतो.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचे मत शिकवण्याकडे झुकते, पण अटींसह. तासाची पहिली दहा मिनिटे एकाच हालचालीला द्यावीत: आज दोन्ही पायांची उडी, पुढच्या आठवड्यात लंगडी. रांग न लावता सगळी मुले एकाच वेळी मैदानभर पसरावीत. शिक्षकाने एकच सूचना द्यावी, जसे ‘उतरताना गुडघे वाकव’, आणि ज्याला गरज आहे त्याच्याजवळ जाऊन ती पुन्हा सांगावी. उरलेला वेळ लंगडी, शिवाशिवी, दोरीवरच्या उड्या यांचा. तिथे शिक्षकाने फार लुडबुड करू नये. गुण देऊ नयेत. कोणाला काय जमत नाही, एवढी नोंद पुरे, आणि तीही ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’ या तयार वाक्याची नको.

याला महागडे साहित्य लागत नाही. वर्गशिक्षकांना या हालचाली ओळखण्याचे आणि दुरुस्त करण्याचे थोडे प्रशिक्षण मात्र द्यावे लागेल. आणि गणिताचा भाग उरला म्हणून मैदानाचा तास कापण्याची सवय मोडावी लागेल. ही दुसरी गोष्ट जमली नाही, तर पहिलीवरचा खर्च वाया जाईल.