ना भंगार, ना वारसा

कराडच्या कोल्हापूर नाक्यापाशी, महामार्गाच्या कडेला, मोटारी वाहून नेणारा एखादा लांबलचक ट्रेलर येऊन थांबतो. त्यावर चार-दोन चकचकीत गाड्या असतात आणि त्यांच्यामध्ये ताडपत्रीने झाकलेली एक जुनी फियाट असते. ताडपत्री निघते, फळ्या लावून गाडी हळूहळू खाली उतरविली जाते आणि पाहता पाहता भोवती माणसे जमतात. चकचकीत गाड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. या म्हाताऱ्या गाडीच्या स्टीअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा मात्र प्रत्येकास वाकून पाहावयाचा असतो. कोणास लग्नातील भाड्याची मोटार आठवते, कोणास मुंबईची टॅक्सी, तर कोणास आपल्या वडिलांचे साहेब.

ही गाडी दिल्लीसारख्या ठिकाणाहून सोळाशे किलोमीटरचा पल्ला काटून आलेली असते. तिचा नवा मालक संस्थानिक वा कारखानदार असतोच असे नाही. निवृत्तीच्या पैशातून एवढी एक हौस बाजूस काढून ठेवलेला शिक्षक किंवा बँकेतील कर्मचारी असाही मालक आता दिसू लागला आहे. त्याच्या उमेदीच्या काळात ही मोटार त्याच्या आवाक्याबाहेर होती. आता ती आवाक्यात आली आहे, तर कायद्याच्या दृष्टीने तिचे वय झाले आहे. या हौसेचे कौतुक करावे की तिला उधळपट्टी म्हणावे, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न होय. तथापि ही गाडी विक्रेत्याच्या दारातून निघून कराडच्या पेठेतील दारात येईपर्यंत तिच्या मालकाच्या वाट्यास जे येते, तो केवळ रुचीचा प्रश्न नाही. त्यात कायद्याचा संबंध आहे, मध्यमवर्गीयाच्या बचतीचा संबंध आहे आणि आपण आपल्या उद्योगाचा इतिहास कसा जपतो याचाही संबंध आहे.

प्रथम ही गाडी कोणती ते ध्यानात घ्यावयास हवे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेली ‘डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार यांनी देशाच्या मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न दाखविले. ते परवान्यांचे युग होते. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तेव्हाचा रिवाज होता. या शतकाच्या आरंभी पद्मिनीची निर्मिती थांबली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिचे काळे-पिवळे रूप ऑक्टोबर २०२३ मध्ये नाहीसे झाले, कारण शेवटच्या टॅक्सीच्या नोंदणीस तेव्हा वीस वर्षे पूर्ण झाली होती. किमान एक तरी टॅक्सी जतन करून ठेवावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेला करावी लागली, यातच सारे आले.

चालवत आणावी की वाहून?

जुन्या पिढीतील लोक विचारतील की, मोटार ट्रेलरवर घालून आणण्याचे हे खूळ काय म्हणून? त्यांचा प्रश्न रास्त आहे. पूर्वी कुर्ल्याची नवी गाडी ताब्यात घेऊन लोक ती चालवतच गावी आणीत. खंबाटकीच्या चढावर इंजिन तापून पेट्रोलची वाफ झाली की पेट्रोल-पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसत आणि मग पुढे निघत. परंतु ती गाडी नवी होती. चाळीस वर्षे वयाची आणि त्यातील कित्येक वर्षे गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी ही वेगळी बाब आहे. टायरवरची नक्षी शाबूत दिसली तरी आतील रबर वयाने कडक झालेले असते. ब्रेकमधील रबरी वायसर आणि रेडिएटरच्या नळ्या कधी दगा देतील याचा नेम नसतो. त्यातच आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर इथेनॉल सोसण्यासाठी बनविलेलेच नव्हते. कृष्णाकाठच्या ज्या उसावर आपला परिसर पोसला जातो, त्याच उसापासून निघणारे हे इंधन वडीलधाऱ्या गाडीस मात्र मानवत नाही. अशी अनोळखी गाडी महामार्गावर हजार-दीड हजार किलोमीटर हाकणे म्हणजे स्वतःचा आणि इतरांचाही जीव पणाला लावणे होय. ती वाहून आणणेच शहाणपणाचे आहे.

मात्र वाहून आणणे निर्धोक आहे, असे समजून खरेदीदार निर्धास्त होतो आणि तेथेच तो फसतो. ज्याच्याशी फोनवर व्यवहार ठरतो तो पुष्कळदा दलाल असतो. गाडी ज्याच्या ट्रेलरवर चढते तो दुसराच असतो. अवाढव्य ट्रेलर सोमवार पेठेच्या किंवा शनिवार पेठेच्या बोळात शिरू शकत नाही, म्हणून गाडी महामार्गावरच उतरते. तेथून घरापर्यंत ती कोणी, कशी आणावयाची, हे बोलण्यात ठरलेलेच नसते. वाटेत आरसा निखळला, पत्र्यास पोचा आला किंवा चाकाची चकचकीत टोपी नाहीशी झाली, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. नव्या गाडीची टोपी दुकानात मिळते. या गाडीची टोपी शोधण्यास वर्ष लागते.

बिल्टीवरील न वाचलेली ओळ

या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे आपल्याकडील सुशिक्षितांनाही बहुधा ठाऊक नसते. १८६५ सालचा जुना कायदा रद्द करून संसदेने २००७ साली रस्त्यावरील मालवाहतुकीचा नवा कायदा केला आणि २०११ मध्ये त्याचे नियम आले. त्यानुसार सार्वजनिक वाहतूकदाराने नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि माल पाठविणाऱ्याने मालाचे मूल्य नमूद करून तो सुपूर्द केला पाहिजे. येथवर सर्व ठीक आहे. परंतु पाठविणाऱ्याने अधिक जोखमीचा दर स्पष्टपणे स्वीकारला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच मर्यादित राहते, आणि तीही नमूद केलेल्या मूल्याच्या पलीकडे जात नाही.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, भाडे वीस हजार रुपये ठरले आणि गाडीची किंमत व तिच्या डागडुजीचा खर्च मिळून चार लाख झाला. ट्रेलरला अपघात होऊन गाडीचा चक्काचूर झाला, तरी वाहतूकदारावरील जबाबदारी दोन लाखांच्या वर जाणार नाही. त्यात कोणी चार पैसे वाचविण्यासाठी बिल्टीवर मूल्य पन्नास हजारच लिहविले असेल, तर त्याने आपल्याच हाताने आपली भरपाई पन्नास हजारांवर आणून ठेवली असे होते. शिवाय दावा करावयाचा तर माल पाठविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. हे नियम गुप्त नाहीत; पण बिल्टीच्या पाठीमागील बारीक इंग्रजी टाइपात जे छापलेले असते, ते वाचण्याची सवय आपल्याला नाही आणि वाचून दाखविण्याची गरज वाहतूकदारास वाटत नाही. श्रीमंत संग्राहकाकडे वकील असतो आणि तो स्वतंत्र विमाही उतरवितो. शिक्षकाकडे केवळ विश्वास असतो.

कागदांचा प्रवास

गाडी उतरली तरी कागद मागेच राहतात. परराज्यातील गाडीसाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. ते देण्यापूर्वी ती गाडी चोरीची नाही ना, हे पोलिसांकडील नोंदीवरून पाहिले जाते. विकत घेणाऱ्याने मालकीबदलाची खबर तीस दिवसांच्या आत आपल्या कार्यालयास द्यावयाची असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर नवा क्रमांक घेणे भाग असते. मगच दिल्लीची गाडी ‘एमएच ५०’ होऊन कराडची होते. या साऱ्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आधी कागद, मग पैसे आणि शेवटी ट्रेलर, हा क्रम खरेदीदाराने पाळला तर निम्मे मनस्ताप टळतील. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा असतो, आणि पुस्तकातील चेसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळत नाही हे गाडी दारात आल्यावर कळते.

खरी अडचण त्यापुढची आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते; नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली. तिच्या अंमलबजावणीत २०२५ मध्ये फेरफार झाले, परंतु दरम्यानच्या काळात तेथील जुन्या गाड्या अन्य राज्यांची वाट धरू लागल्या होत्या. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना ‘विंटेज’ असा स्वतंत्र दर्जाही दिला. अशा गाडीची नवी नोंदणी वीस हजार रुपयांत होते व दहा वर्षे टिकते. मात्र ती रोजच्या कामास वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, तसेच इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

हा नियम चांगलाच आहे. परंतु त्यामुळे एक विचित्र पोकळी उघडी पडली आहे. पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी ठरते आणि पन्नासाव्या वर्षी ती वारसा ठरते. मधल्या पस्तीस वर्षांत ती कोण? १९७४ ची पद्मिनी वारशाच्या उंबरठ्याच्या आत आली आहे. १९८५ च्या पद्मिनीस अजून २०३५ पर्यंत दम धरावयाचा आहे. तोवर एखाद्या दुर्लक्षित टेम्पोस जो नियम, तोच तिला. किंबहुना पन्नाशी गाठण्यापूर्वीच बहुतेक गाड्या भंगारात जातील आणि वारसा म्हणून गौरविण्यास फारच थोड्या उरतील. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या व्याख्येत तीस वर्षांचीच मर्यादा घातली आहे. जर्मनीसारखा शिस्तप्रिय देशही तीस वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीस वेगळा क्रमांक देतो. आपल्यालाच पन्नास वर्षे कशासाठी हवीत?

जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांना सवलत कशासाठी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो टाळून चालणार नाही. जुन्या इंजिनाचा धूर नव्याहून अधिक असतो, हे खरेच आहे. परंतु धूर गाडीच्या वयाबरोबरच ती किती चालते यावरही अवलंबून असतो. रविवारी सकाळी प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येणारी फियाट आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी यांना एका मापाने मोजणे योग्य नव्हे. वापरावर कडक बंधन घालून दर्जा देणे हाच यावर उपाय आहे, आणि विंटेज गाड्यांच्या बाबतीत सरकारने तोच स्वीकारला आहे.

यास्तव तीन गोष्टी व्हावयास हव्यात. तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपातील आणि मर्यादित वापराच्या गाड्यांसाठी केंद्राने मधला दर्जा निर्माण करावा व त्याचे शुल्क नोकरदारास परवडेल असे ठेवावे. मूळ स्वरूपाच्या तपासणीसाठी १९६० पासून चालत आलेल्या कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांचे साहाय्य घ्यावे; विद्यार्थ्यांना कार्ब्युरेटर पुस्तकातील चित्राऐवजी हातात धरून पाहावयास मिळेल. दुसरे म्हणजे, दहापट भाड्याची मर्यादा आणि जादा जोखमीचा दर हे दोन्ही बिल्टीच्या दर्शनी बाजूस, पाठविणाऱ्यास समजेल अशा भाषेत ठळकपणे छापणे सक्तीचे करावे. तिसरी गोष्ट खरेदीदारांच्या स्वतःच्या हातची आहे. गाडी चढविताना आणि उतरविताना चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, त्यावर चालकाची सही घ्यावी, मूल्य खरे लिहावे आणि घरापर्यंतची जबाबदारी आधीच लेखी ठरवावी.

कारागिरांची वाण आपल्याकडे अजून पडलेली नाही. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ज्या भूमीत उभ्या राहिल्या, म्हादबा मिस्त्रींसारख्यांनी जेथे यंत्रविद्येची परंपरा रुजविली त्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अद्यापही लेथवर नसलेला भाग घडवून देणारे हात आहेत. परंतु फियाटचे इंजिन नुसते ऐकून दोष सांगणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. रस्त्यावर गाडीच उरली नाही, तर त्यांचे ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती यावयाचे कसे?

कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर पडते, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटते. राजघराण्याने ती जपली, हे भाग्यच म्हणावयाचे. पण या देशातील बहुसंख्यांच्या आठवणीतील मोटार मेबॅक नव्हती, फियाट होती. ती जपण्यासाठी कोणताही राजवाडा नाही. आहे तो कोल्हापूर नाक्यावर ट्रेलरची वाट पाहत उभा असलेला एखादा निवृत्त शिक्षक. त्याने आपली बचत खर्च केली आहे. सरकारने निदान त्याच्या गाडीस नाव तरी द्यावे.