मोती तलावाभोवती आणखी किती दिवे लावणार?

सावंतवाडीकर मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. शेवटपर्यंत वाचा, मग हव्या तर शिव्या घाला.

आपल्याकडे विकास म्हटलं की सुशोभीकरण, पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणि निधी 'खेचून आणल्या'बद्दल अभिनंदनाचा बॅनर. तो निधी कुणी मागितला होता आणि कशासाठी, हे विचारायचं नाही. विचारलं तर तुम्ही विकासविरोधी!

माझा प्रश्न साधा आहे. पुढची वीस वर्षं हे शहर पोट कशावर भरणार?

मुंबई-गोवा महामार्ग एकेकाळी शहरातून जायचा. झाराप-पत्रादेवी बायपास झाला आणि गाड्या बाहेरच्या बाहेर निघून गेल्या. रेल्वे स्टेशन मळगावला. मोपाला विमानतळ झाला, तोही जवळच. पण तिथे उतरलेला माणूस आपल्याकडे का वळेल, यावर आपण एकत्र बसून तासभर तरी बोललोय का? जिल्हा कागदावर कधीचा 'पर्यटन जिल्हा' आहे. पोरं मात्र सकाळी बाईकवर गोव्यात कामाला जातात, नाहीतर मुंबईची गाडी पकडतात.

बरं, आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. चितार आळीतली खेळणी आहेत. पण त्यांना लागणारा पांगारा कोण लावणार? हा प्रश्न एकट्या कारागिराचा नाही, शहराचा आहे. काजू आहे. आपल्या बागांत बोंडू झाडाखाली कुजतात. पत्रादेवीपलीकडे त्याच बोंडूची फेणी होते आणि तिला २००९ साली जीआय मानांकनही मिळतं. आपण बघत बसतो.

आता कायद्याचं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. पालिकांकडे द्यायच्या १८ विषयांच्या यादीत 'आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन' स्पष्ट लिहिलंय. म्हणजे गटार आणि दिवाबत्तीच्या पलीकडेही पालिकेला काम आहे. शहरात क्षेत्रसभेची तरतूद आहे. तुमच्या भागातली शेवटची क्षेत्रसभा कधी झाली, आठवतं का? खेड्यातला माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. आपण शहरवाले पाच वर्षांतून एकदा बोट पुढे करतो, शाई लावून घेतो आणि घरी येतो.

विकास आराखडा झाल्यावर हरकती मागवतात, हे खरं. पण तोवर आरक्षणं पडलेली असतात आणि नकाशा रंगलेला असतो. मग जो तो आपल्या सातबाऱ्यापुरती हरकत घेतो. शहराच्या वतीने कोण घेणार?

"लोक मीटिंगला येत नाहीत हो," हे ठरलेलं उत्तर. का येतील? सगळं आधीच ठरलेलं असतं. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवायचं ठरवलं. पैसा कुठे खर्च व्हावा हे बोलायला मिळालं म्हणून लोक आले. लांब कशाला, शेजारच्या वेंगुर्ल्यात लोकांनी घरात कचरा वेगळा केला, म्हणून कचरा डेपोच्या जागी बघायला जाण्यासारखी जागा उभी राहिली. तीही आपल्यासारखीच छोटी नगरपालिका.

चूक आपलीही आहे. चहाच्या टपरीवर तासन् तास गजाली मारतो आणि पालिकेचं बजेट कधी उघडून बघत नाही.

म्हणून तीन मागण्या. पुढच्या बजेटआधी प्रत्येक प्रभागात उघडी सभा. बजेट मराठीत, आकड्यांसकट, सगळ्यांना वाचता येईल असं चौकात लावा. आणि कारागीर, काजूवाले, भाजीवाल्या, रिक्षावाले, हॉटेलवाले यांना बसवून शहराचा वीस वर्षांचा रोजगार आराखडा लिहा. सल्लागार हवा तर नेमा, पण तो लिहून घेणारा हवा. ठरवणारे आपण.

सभा नाहीच बोलावली, तर आपण बोलावू. आपल्या प्रभागात जागा बघायला कोण तयार आहे, कमेंटमध्ये सांगा. नुसता अंगठा नको.