ट्विस्ट नाही म्हणून रडू नका

स्टीग लार्सनच्या ‘मिलेनियम’ त्रयीतलं शेवटचं पुस्तक, ‘द गर्ल हू किक्ड द हॉर्नेट्स नेस्ट’, संथ आहे, शेवटी ट्विस्टच नाही, ही तक्रार आता मला ऐकवत नाही. ट्विस्ट हवा कशाला? खलनायक कोण, हे दुसऱ्याच भागात कळलंय. तिसऱ्यात लिस्बेथ सालँडर डोक्यात गोळी घेऊन हॉस्पिटलात पडलीय. प्रश्न एकच उरलाय : एका सोव्हिएत फितुराला वाचवायचं म्हणून त्याच्याच १२ वर्षांच्या मुलीला वेडी ठरवून डांबणाऱ्या सरकारी माणसांचं काय करायचं?

उत्तर फायलींमध्ये आहे. खोटे अहवाल, डॉक्टरची सही, गुप्त पोलिसांनी दडवलेले कागद. वकील ॲनिका जियानिनी भर कोर्टात त्या डॉक्टरला उघडा पाडते, तेव्हा कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त धडधडतं.

मी सॉफ्टवेअरवाला. बग सापडला की सगळे खूश. तो बदल मंजूर कुणी केला, हे खणायला कुणी थांबत नाही. मग तोच बग नव्या नावाने परत येतो.

लार्सन २००४ मध्ये गेला, हे पुस्तक २००७ मध्ये आलं. अतिउजव्या संघटना खणून काढण्यात आयुष्य घालवलेला पत्रकार होता तो. गुन्हेगार सापडला तरी त्याला पोसणारी यंत्रणा शाबूत राहते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्विस्ट एका पानात उरकतो. जबाबदारी ठरवायला कंटाळवाणी पानं लागतातच. ती स्क्रोल करून पळालात, तर त्या यंत्रणेला हवा तस्साच वाचक मिळाला.