मर्मर

मेघांचा गडगडाट झाला, तोफ उडाली किंवा डोंगराची दरड कोसळली, तर ते ऐकण्यासाठी कोणास कान टवकारावे लागत नाहीत. मोठा आवाज आपली दखल आपणच घ्यावयास लावतो. परंतु सृष्टीतील पुष्कळसे ध्वनी असे दांडगे नसतात. वाळलेले पान पानावर घासते, कोऱ्या लुगड्याचा पदर हलतो, शेजारच्या खोलीत कोणी हलक्या स्वरात बोलते, मधमाशी फुलाभोवती घिरट्या घालते. हे ध्वनी इतके मंद आणि अस्फुट असतात, की मन लावल्यावाचून ते कानांवर पडूनही ऐकू येत नाहीत. मुलांनो, भाषेची थोरवी अशी, की तिने या लहानशा ध्वनींनाही नावावाचून ठेवलेले नाही. अशाच एका शब्दाची व त्याच्या गोतावळ्याची ओळख मी तुम्हांस करून देणार आहे. तो शब्द म्हणजे 'मर्मर'.

'मर्मर' हा शब्द मूळ संस्कृत. अमरसिंह नावाच्या पंडिताने रचलेला 'अमरकोश' हा संस्कृत शब्दांचा जुना व प्रसिद्ध कोश आहे. पूर्वी पाठशाळांतील मुले तो तोंडपाठ करीत. या कोशात ध्वनींची नावे मोठ्या कसोशीने वेगवेगळी दिली आहेत. वस्त्रांचा व पानांचा जो ध्वनी, तो 'मर्मर'. अलंकारांचा ध्वनी तो 'शिंजित'. जो ध्वनी गोड परंतु अस्फुट असतो, तो 'कल'. आणि तोच अधिक सूक्ष्म झाला की 'काकली'. कोकिळेला 'कलकंठ' का म्हणतात आणि पक्ष्यांच्या किलबिलीला 'कलरव' का म्हणतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. गंमत पाहा, एकटा 'कल' गोड आहे; परंतु 'कलकल' असे दोनदा म्हटले, की त्याच कोशात त्याचा अर्थ कोलाहल असा होतो. मराठीतला 'कलकलाट' तो हाच. एक मूल गोड बोलते आणि चाळीस मुले एकदम बोलू लागली म्हणजे काय होते, हे तुमच्या शिक्षकांना विचारा!

आता 'मर्मर' शब्दाचे नातेवाईक पाहू. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत अस्फुट ध्वनीला 'मुर्मुर' म्हणत. त्यावरूनच इंग्रजीतला 'मर्मर' हा शब्द आला. ग्रीक भाषेतही खळबळणाऱ्या पाण्याच्या आवाजासाठी याच वळणाचा शब्द होता. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातील भाषा आहेत. तेव्हा हे शब्द त्यांना एकाच पूर्वजाकडून मिळाले असावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु केवळ शब्द सारखे दिसले म्हणून नाते जोडू नये. 'संगमरवर' या शब्दातला 'मरवर' हा मुळात 'मरमर' आहे. परंतु त्याचा आपल्या मर्मराशी संबंध नाही. फारसीत 'संग' म्हणजे दगड, आणि त्या दगडाचे 'मरमर' हे नाव ग्रीक भाषेतल्या 'मार्मारोस' या शब्दाकडे जाते. संगमरवर बोलत नाही, तो नुसता चमकतो!

याच्या उलट, ज्या भाषांचे कूळ निराळे, त्यांचेही शब्द कधी कधी विलक्षण जुळतात. झाडाच्या पानांतून वारा गेला, की आपण म्हणतो 'सळसळ'. तमिळ भाषेत त्याला 'सलसल' म्हणतात. मराठीचे आणि तमिळचे कूळ वेगळे असले, तरी दोघी शेजारणी आहेत. एकीने दुसरीचे ऐकले असेल, असे म्हणता येईल. पण दूर जपानात, जेथील भाषेचा आपल्या भाषेशी काडीचाही संबंध नाही, तेथेही पानांच्या व वाहत्या पाण्याच्या हलक्या ध्वनीला 'सारासारा' असेच म्हणतात. हे कसे घडले? उत्तर सोपे आहे. या तिघांनीही हा शब्द एकमेकांकडून घेतला नाही; तो त्यांना झाडाने शिकविला.

अशा शब्दांना आपल्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात. ध्वनी कानांनी ऐकावा आणि तोंडाने त्याची नक्कल करावी, हा त्यांचा जन्म. असे ध्वनी एकदाच होऊन थांबत नाहीत, पुनःपुन्हा होत राहतात. म्हणून शब्दही बहुधा दुहेरी होतो. मर्मर, सळसळ, गुणगुण, झुळझुळ हे शब्द पाहा. मात्र ही नक्कल म्हणजे हुबेहूब छाप नव्हे. आपला कुत्रा 'भो भो' करतो, इंग्रजांचा 'बाउ वाउ' आणि जपान्यांचा 'वान वान'. कुत्रे सारखेच भुंकतात, ऐकणारे लोक निराळे असतात. म्हणून अशा प्रत्येक शब्दात थोडी सृष्टी आणि थोडे आपले कान, असे दोन्ही मिसळलेले असते.

आपल्या मराठीचे कान तर फारच तिखट आहेत. एक लहानसा प्रयोग करा. गळ्यावर बोट ठेवा आणि ओठ मिटून एखादी चाल हलकेच गुणगुणा. बोटाला कंप जाणवेल. आता तसेच बोट ठेवून शेजाऱ्याच्या कानात अगदी हळू कुजबुजा. कंप नाहीसा होईल, कारण कुजबुजताना गळ्यातील स्वरतंतू थरथरत नाहीत. नुसती हवा बाहेर पडते. आणि 'पुटपुट' म्हणजे काय? बोलणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द त्याचे त्यालाच ठाऊक! स्वरतंतू कशास म्हणतात हे आपल्या आजी-पणजींना कोणी शिकविले नव्हते. तरीही या तीन क्रियांना त्यांनी तीन वेगळे शब्द वापरले आणि कधी त्यांची गल्लत केली नाही.

पाण्याचेही तसेच. बारीक धारेने, अडथळ्यावाचून वाहणारा झरा झुळझुळतो. दगडगोट्यांवरून उड्या मारीत जाणारा ओढा खळखळतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण ज्याने केली, त्याने पाणी नीट ऐकले होते आणि माणसेही नीट पाहिली होती. त्या म्हणीत 'खळखळाट' काढून 'आवाज' हा शब्द घालून पाहा. म्हणीतला सगळा जीव निघून जाईल.

याहून मौजेची गोष्ट अशी, की हे शब्द कानांपाशी थांबत नाहीत. ते मनात शिरतात. नव्या वहाणा कुरकुरतात, आणि काम सांगितले की आळशी माणूसही कुरकुरतो. डास कानाशी भुणभुण करतो, आणि एखादे मूल खाऊसाठी आईच्या मागे भुणभुण लावते. एखादी गुप्त गोष्ट अर्धवट कानांवर आली, की आपण म्हणतो, 'मला त्याची कुणकुण लागली होती.' जात्याची घरघर आता फारच थोड्या घरांत ऐकू येते; परंतु एखादा धंदा बुडू लागला, की 'त्याला घरघर लागली' असे वर्तमानपत्रे आजही लिहितात, कारण मरणाऱ्या माणसाच्या घशातही तसाच ध्वनी उमटतो. इंग्रजीतील 'मर्मर' या शब्दानेही हाच प्रवास केला आहे. त्याचाही एक अर्थ कुरकुर असा आहे. याचे कारण उघड आहे. जे मोठ्याने बोलण्याची सोय नसते किंवा धैर्य नसते, ते माणूस अस्फुट बोलतो. म्हणून अस्फुट ध्वनीचा शब्द हाच नाराजीचा, संशयाचा आणि गुपिताचाही शब्द होतो.

इतके सांगूनही कोणी म्हणतील, 'ही बोबड्या मुलांची भाषा झाली. शहाण्या माणसाला एक आवाज हा शब्द पुरे. मोठा आवाज, बारीक आवाज, म्हटले म्हणजे झाले!' मला हे मत मुळीच मान्य नाही. 'आवाज' हा शब्द वाईट नाही. तो फारसीतून येऊन मराठीत घरचा झाला आहे. परंतु एकाच शब्दाने सर्व ध्वनींचे काम भागविणे म्हणजे एकाच रंगाने सबंध चित्र रंगविणे होय. शिवाय हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. कधी कधी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. त्याला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा किती तरी स्पष्ट ऐकू आले. डॉक्टरांच्या गळ्यातील आजच्या स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. पण नुसते ऐकून भागले नाही. छातीतून निरनिराळे बारीक ध्वनी येत होते. त्यांना वेगवेगळी नावे दिल्यावाचून कोणता ध्वनी कोणत्या विकाराचा, हे ठरविता येईना. लेनेकने ते काम चिकाटीने केले आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त वाहताना जो जादा, अस्फुट ध्वनी कधी कधी ऐकू येतो, त्याला डॉक्टर 'मर्मर' असेच म्हणतात. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो निरुपद्रवी असतो. पण कधी तो हृदयाची झडप अरुंद झाल्याची किंवा गळत असल्याची सूचना देतो. पाचोळ्याच्या ध्वनीसारखा एक क्षुल्लक शब्द, आणि तो माणसाचे प्राण वाचविण्याच्या कामी येतो!

आपल्या गावातली एखादी अशिक्षित आई तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यात जाते आणि सांगते, 'डॉक्टर, याच्या छातीत रात्रभर घुरघुरतंय.' या एका शब्दाने ती डॉक्टरांना किती सांगून जाते! तीच जर म्हणाली असती, 'काही तरी आवाज येतो,' तर? ज्याच्यापाशी नेमका शब्द आहे, तो नेमके ऐकतो. आणि जो नेमके ऐकतो, तोच दुसऱ्याला नेमके सांगू शकतो.

आणि येथेच मला चिंता वाटते. ध्वनीची तीव्रता डेसिबल या मापाने मोजतात. पानांची सळसळ सुमारे २० डेसिबल, कुजबुज सुमारे ३०, आणि नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबल असते. हे माप दहांनी वाढले, की ध्वनीची शक्ती दहापट होते. म्हणजे आपल्या साध्या बोलण्यात पानांच्या सळसळीच्या दहा हजार पट शक्ती असते. २००० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे तुम्ही आम्ही जाणतोच. वाहनांचे भोंगे, लग्नाच्या वरातीतले ध्वनिक्षेपक, घरातला दिवसभर चालू असलेला दूरदर्शन संच, या सर्वांच्या गर्दीत पिंपळाचे पान काय बोलते, हे कोणास ऐकू येणार? जो ध्वनी ऐकूच येत नाही, त्याचा शब्द तोंडात येत नाही. आणि ज्याचा शब्द तोंडी नाही, त्या ध्वनीकडे पुढे कोणाचा कानही वळत नाही. असे ध्वनी आणि शब्द दोन्ही बरोबरच नाहीसे होतात.

मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात असे अनुकरणवाचक शब्द पुष्कळ जमा केलेले आढळतात. पंडितांनी या शब्दांस हलके मानले असते आणि त्या कोशकारांनी त्यांना दाराबाहेर ठेवले असते, तर मराठीचे एक सबंध दालन रिकामे राहिले असते. कोशात शब्द सुरक्षित राहतो हे खरे. पण शब्दाचे खरे घर कोश नव्हे, बोलणाऱ्याची जीभ हे त्याचे घर आहे.

म्हणून, मुलांनो, तुम्हांस माझे सांगणे इतकेच. रोज पाच मिनिटे तरी स्वस्थ बसून ऐकावयास शिका. जे जे मंद ध्वनी ऐकू येतील, त्यांची आपल्या वहीत टिपणे करा. त्यांना घरात काय म्हणतात, ते आजीला विचारा. शेतात काय म्हणतात, ते शेतकऱ्याला विचारा. कोकणातला मित्र काय म्हणतो आणि विदर्भातला काय म्हणतो, तेही पाहा. निबंध लिहिताना 'आवाज आला' असे लिहून झाले, की क्षणभर थांबा आणि तो आवाज होता तरी कसला, असे स्वतःला विचारा. पाने सळसळली का? पैंजण रुणझुणले का? पाऊस रिमझिमला, की पागोळ्या टपटपल्या? बरोबर शब्द सापडेल तेव्हा तुमचे वाक्य तर सुधारेलच. पण त्याहूनही मोठा लाभ असा, की पुढच्या वेळी तो ध्वनी तुम्हांस अधिक स्पष्ट ऐकू येईल. आणि जो पानांची मर्मर ऐकावयास शिकला, त्याला शेजारी बसलेल्या मित्राचे दबलेले हुंदकेही ऐकू येतात.